माळवाल्यांची आत्या

मी गुरांचा डॉक्टर. खरं म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. पण खेड्यात बैलाला सुई टोचणारा जो कोणी असेल तो डॉक्टरच. माझी बदली लातूरहून कंधार तालुक्यातल्या पांगरदऱ्याला झाली, तेव्हा मी तोंड वाकडं करूनच आलो होतो. पहिल्याच आठवड्यात निरोप आला की माळवाल्यांचा बैल लंगडतोय, लवकर या. माळ गावापासून वर, चांगलाच चढ. धापा टाकत पोचलो. बैलाच्या खुरात खडा रुतून बसला होता. तो काढला, जखम धुतली, पट्टी बांधली. तेवढा वेळ एक उंच, सावळी, उन्हानं रापलेली म्हातारी बैलाची वेसण धरून गप्प उभी होती. कपाळावर विभूतीचे पांढरे पट्टे, गळ्यात लिंग, नऊवारीचा काचा आवळून मारलेला.

मी हात धुऊन निघालो तशी ती म्हणाली, "डाक्टर, रिकाम्या हातानं चाल्लाव व्हय?"

मी मनातून खूश झालो. म्हटलं, भुईमुगाच्या शेंगा तरी मिळणार, नाहीतर वाळकं. लाजल्यासारखं करून पिशवीचं तोंडही उघडलं. बाईनं माझ्या पायाजवळच्या एका धोंड्याकडे बोट केलं. "त्यो घ्या उचलून. जाता जाता धुऱ्यावर ठिवा. ह्या रानातून कुणी मोकळ्या हातानं जात न्हाई."

आता बोला! मी सरकारी नोकर, काही गवंडी नव्हे. मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, पण तिच्या आवाजात असं काही होतं की नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. धोंडा उचलला, इस्त्रीच्या शर्टाला माती फासून घेतली आणि शेताच्या कडेला गेलो. तिथं तो धुरा पाहिला. धुरा म्हणजे शेताचा बांध, पण हा बांध मातीचा नव्हता. कमरेएवढी उंच, चुना-सिमेंटाचं नावही नसलेली दगडाची रचाई माळाच्या पोटाला वळसा घालून पार पलीकडे गेली होती. त्याच्या खाली आणखी एक, त्याच्या खाली आणखी. मी माझा धोंडा वर ठेवला आणि शर्ट झाडत खाली उतरलो.

तिचं नाव शिवगंगा. पण ते नाव मतदानाच्या दिवशीच ऐकू यायचं, एरवी सगळ्या गावाची ती आत्या. लग्न होऊन गेलेली लेक माहेरी परत आली आणि तिथंच राहिली की भावाची पोरं तिला आत्या म्हणतात, पोरांचं ऐकून शेजारी म्हणतात, आणि असं करत करत गावच म्हणायला लागतं. तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा तिला आत्या म्हणत. या घराला आडनाव होतं, पण तेही कुणी घेत नसे. माळावर राहतात म्हणून माळवाले.

हे माळवाले मूळचे उदगीरकडचे. आत्याचे वडील बसाप्पा भाऊबंदकीत हात झटकून तिकडून निघाले, ते बायको, कडेवरची लेक आणि एक बैलजोडी घेऊन इथं आले. गावातली काळी जमीन त्यांना कोण देणार? हा माळ तेवढा पडून होता. वर हरळीसुद्धा धड उगवत नसे, सगळा दगडगोटा. गावकऱ्यांनी हसत हसत सांगितलं, घ्या की, दगडं पिकवा. बसाप्पांनी तो खरंच घेतला. घरात कानडी-मराठी मिसळून बोलत, त्यामुळे आत्या आईला अव्वा आणि बापाला अप्पा म्हणायची. ही हकिगत मी तिच्या तोंडून कितीदा ऐकली असेन. गोठ्यात माझं काम चाललेलं असायचं, आणि ती कडबा तोडत बोलत असायची.

"अप्पा पहार लावायचा, अव्वा घमेलं भरायची. आन् मी? मी बारके बारके गोटे परकराच्या वट्यात घालून वढ्यात टाकून यायची. मला वाटायचं, समद्या जगातली मानसं ह्येच काम करतेत."

या कामात बसाप्पांनी एक मोठी चूक केली, आणि ती आत्या लपवत नसे. उलट रंगवून सांगायची. दगड म्हणजे वैरी, असं धरून या लोकांनी माळावरचा दगड न् दगड वेचला आणि खालच्या ओढ्यात लोटून दिला. चार-पाच वर्षं तेच. रान साफ झालं, तूर पेरली, तूर गुडघ्याला आली. मग आश्लेषांचा पाऊस असा कोसळला की विचारू नका. उताराला माती धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं. सकाळी उठून बघतात तो तूरही गेली आणि मातीही गेली. उघडा मुरूम तेवढा राहिला. गावाला तर आयतीच करमणूक झाली. बसाप्पानं दगडासंगट माती बी इचून काढली, असं लोक पारावर बसून म्हणायचे.

"अप्पा दिवसभर बांधाला बसून व्हता," आत्या सांगायची. "जेवला न्हाई, बोलला न्हाई. दुसऱ्या दिवशी उठला आन् वढ्यात उतरला. टाकलेला दगुड खांद्यावर घिऊन वर आला. मग अव्वा उतरली. मग मी. खाली टाकाया एक हिसका लागला डाक्टर, वर आनाया त्याचा जलम गेला."

त्या दगडांचे उताराला आडवे धुरे रचले. धुऱ्यामागे पावसाची माती अडू लागली, वर्षावर्षाला बोटभर, वीतभर थर चढू लागला. त्या दिवसापासून घराची रीत पडली की रानातून निघताना प्रत्येकानं एक दगड उचलून धुऱ्यावर ठेवायचा. पाहुणा असो, सोयरा असो, वसुलीला आलेला तलाठी असो. शेती खात्याचे एक साहेब जीपमधून उतरले होते, त्यांनाही सुटका नव्हती. साहेब म्हणाले, दगडांचा एवढा राग का हो आजी? आत्या म्हणाली, "राग कशाचा? दगुड वाईट नसतो सायेब. त्याची जागा चुकलेली असती." हे तिचं ठरलेलं वाक्य. मारका बैल असो, दारुडा गडी असो, सासरी न रमलेली पोर असो, ती सगळ्यांबद्दल हेच म्हणायची.

या सवयीनं ती आम्हाला हसवायचीही. एकदा कंधारला लग्नाला गेलो होतो. परतताना एसटीत बघतो तर आत्याच्या पिशवीत, आहेराच्या साडीखाली, चांगला चौकोनी दगड. मंगल कार्यालयाच्या मागून उचललेला. कंडक्टर ओळखीचा. तो म्हणाला, "आत्या, ह्याचं बी तिकीट काढावं लागंल बरं का."

"काढ की," आत्या म्हणाली. "पर अर्धं काढ. बारकं हाय अजून."

सगळी एसटी हसली. आत्या मात्र गंभीरपणानं मला समजावत होती की वरच्या धुऱ्याला एक खिंडार पडलंय आणि हा दगड त्यात बरोब्बर बसतो.

तिचं लग्न औशाकडच्या एका गावात झालं होतं. नवरा तापानं गेला तेव्हा ती विशीतही नसावी. पदरात मूल नाही. सासरच्यांनी घालवून दिलं असं काही नाही, पण ठेवूनही घेतलं नाही. ती परत आली तेव्हा माळावर अव्वा नव्हती. पाठच्या भावाच्या, मन्मथच्या वेळच्या बाळंतपणात ती गेली होती. बापाला पहार आवरत नव्हती आणि मन्मथ अजून रांगत होता. "मी आले, पदर खवला आन् कामाला लागले. रडाया टाइम कुठं व्हता?" एवढंच ती सांगायची. भावाला वाढवलं, त्याचं लग्न केलं, त्याच्या मुलाला, विश्वनाथला, खेळवलं. वर राहिलेला अर्धा माळ बापलेकीनं मिळून फोडला. आज तिथं सोयाबीन आणि तूर अशी येते की खालचे काळ्या जमिनीवाले वर बघतात.

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. गावाखाली त्यांची रुद्रभूमी आहे. पण अव्वा गेली तेव्हा बसाप्पांनी तिला तिकडे नेलं नाही, माळाच्या कोपऱ्यात बेलाखाली ठेवलं. का, म्हणून लोकांनी विचारलं तर म्हणाले, आपलं माणूस ह्या मातीत गेलं, आता ही माती सोडून जाता येणार नाही. पुढे बसाप्पाही तिथंच बसले. मग मन्मथची बायको. अव्वाच्या एका बाजूला बसाप्पा, दुसऱ्या बाजूला मोकळी जागा. ती जागा आत्याची. तिथं ती काही पेरत नसे. रोज सकाळी अव्वाच्या समाधीवर पाणी घालायची आणि ही जागाही झाडून घ्यायची.

एकदा तिनं मला ती जागा हौसेनं दाखवली. म्हणाली, "परवा बसून बघितली. ऐसपैस हाय. मांडी घालून टेकता येतं."

मी म्हटलं, "आत्या, काहीतरीच काय बोलता!"

"काहीतरी न्हाई. माज्या आयुष्यात मी एवढंच मागून राहिले. अव्वा लौकर गेली, लाड झाले न्हाईत. आता तिच्या कुशीला बसू द्या म्हनावं." हे बोलताना तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता. मन्मथ तिथंच उभा होता. तो म्हणाला, "आक्का, ती जागा तुझीच हाय. कोन नगं म्हनतं?"

पण मन्मथच आधी गेला. धडधाकट माणूस, झोपेतच गेला. त्याला आईबापांच्या ओळीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी बेलाखाली सगळे बसले होते. उदगीरहून मल्लप्पाकाका आले होते. नात्यानं ते बसाप्पांच्या चुलतभावाचे चिरंजीव, भावकीतलं सगळ्यात थोरलं माणूस. हातात काठी, बोलणं शांत, मनानं वाईट नव्हेत. मोकळ्या जागेकडे बघून त्यांनी विचारलं, ही का सोडली? विश्वनाथनं सांगितलं. काकांनी मान हलवली. म्हणाले, "असं करत न्हाईत बाबा. लेक दिली ती दिली. लेकीची माती माहेराच्या रानात मिसळली की घराचा वंश खुंटतो. आपल्या भावकीत असं कुनी केलेलं न्हाई."

बसलेल्या सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती. विश्वनाथच्या बायकोला, सुनंदाला, दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं होतं. ती निलंग्याकडची, अबोल पोरगी. चहाचे पेले गोळा करत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. आणि आत्यानं ते बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं ती जागा झाडली नाही. आठवड्यानं मी गेलो तर तिथं वाफा केलेला आणि मेथी टाकलेली. मी समजलो. माझं डोकं असं तापलं की बैल तपासायचा सोडून मी तिच्यावरच ओरडलो, "आत्या, जन्मभर दगड फोडले आणि असल्या खुळ्या बोलण्याला भिता?"

तिनं मला खाली बसवलं. पाण्याचा तांब्या दिला. म्हणाली, "माजा न्हाई हो इस्वास. पर उद्या सुनंदाच्या पोटाला परत काय झालं तर? ती पोरगी तोंडानं काय बोलनार न्हाई, पर माज्या समाधीकडं बघंल. रोज बघंल. मला ते नगं. मला गावाखाली न्या. थितं बी मानसंच हायत की."

एवढं बोलून ती उठली आणि मेथीला पाणी घालू लागली. मला खूप वाईट वाटलं. मागणं एक होतं तिचं, आणि तेही तिनं आपल्या हातानं मागे घेतलं होतं. विश्वनाथला तिनं बजावून ठेवलं, अंत्यविधी करणाऱ्या कंधारच्या स्वामींनाही सांगून ठेवलं. त्यानंतरही तिची रोजची कामं चालूच होती. फक्त बेलाखाली गेली की अव्वाकडे पाठ करून बसायची.

गेल्या वर्षी, तुरी फुलात असताना, ती गेली. सकाळी गोठ्यासमोर कोवळ्या उन्हाला टेकून बसली होती. सुनंदा चहा घेऊन आली तेव्हा संपलं होतं. मला फोन आला आणि मी तसाच निघालो. चढ चढताना, खरं सांगतो, मी रडत होतो. दुपारपर्यंत माळावर अर्धं गाव जमलं. कंधारहून स्वामी आले, उदगीरहून मल्लप्पाकाका आले. आत्याला अंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवलं होतं. खाली रुद्रभूमीत खड्डा घ्यायला माणसं पाठवायची बोलणी सुरू झाली. विश्वनाथ भिंतीला धरून उभा होता. कुणी काही विचारलं की एकच म्हणायचा, "तिनंच सांगून ठिवलंय."

तेवढ्यात सुनंदा घरातून बाहेर आली. कुणाकडे न बघता बेलाखाली गेली, खाली बसली आणि मेथी उपटायला लागली. मुठी भरभरून. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग विश्वनाथ धावला. "काय करून राहिलीस?"

"जागा मोकळी करून राहिले," ती म्हणाली.

मल्लप्पाकाका काठी टेकत पुढे आले. "पोरी, मी तुझ्याच भल्याचं सांगितलं व्हतं."

सुनंदा उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला, वाकून नमस्कार करत त्यांना शरणार्थ म्हणाली. ती लग्न होऊन आल्यापासून तिला एवढं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होतो. "काका, तुमी मोठे हाव. पर माझं दोन बारीला पोट पडलं, तवा तुमी नव्हताव. ह्या बाईनं मला मांडीवर घेतलं. माझे कपडे धुतले. कुनाला एक सबूद बोलू दिला न्हाई. जिती असताना जिनं माझं वाईट केलं न्हाई, ती मेल्यावर करंल व्हय? आन् करू द्या केलं तर. माझं मी बघंन. तिला अव्वाजवळ बसवा."

काकांनी स्वामींकडे पाहिलं. स्वामींनी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "उजेड हाय तवर आटपा." मग कुणी वाद घातला नाही. एका पोरानं जेसीबी बोलवू का म्हणून विचारलं, तर विश्वनाथ त्याच्यावर खेकसला आणि स्वतः पहार घेऊन आला. तीच बसाप्पांची पहार. आम्ही आळीपाळीनं खणलं. मीही खणलं, हाताला फोड येईपर्यंत. वर माती होती, आत्याच्या हयातीत साठलेली, काळीभोर. ती माझ्या छातीपर्यंत लागली. मग मुरूम, आणि मुरुमाखाली दगड. एकेक धोंडा वर काढून काठावर टाकत होतो, त्याचा मोठा ढीग झाला.

आत्याला बसवलं. तिच्या डाव्या तळहातावर तिच्या गळ्यातलं लिंग ठेवलं. बेलाची पानं, विभूती, मग माती. सगळ्यांनी मूठ मूठ टाकली. सुनंदा कडेला बसून हातानं माती सारखी करत होती.

सगळं झालं आणि माणसं निघायला लागली. चार पावलं गेली आणि थांबली. जो तो खाली बघत होता, इकडेतिकडे हिंडत होता. मला आधी कळेना, आणि मग कळलं. रानातून रिकाम्या हातानं जायचं नाही, हे गावाच्या अंगवळणी पडलं होतं. पण उचलायला रानात दगडच नव्हता. तिनं एकही ठेवला नव्हता. माणसं ओशाळल्यासारखी उभी राहिली. मग सुनंदा उठली, समाधीजवळच्या ढिगातून एक धोंडा उचलला आणि धुऱ्याकडे चालू लागली. तिच्यामागं विश्वनाथ. मग स्वामी. मग सगळे. मीही माझा घेतला. मघाशी मीच तो पहारीनं उकरून काढला होता.

सुनंदाचा पाळणा अजून हललेला नाही. ती रोज सकाळी बेलाखाली पाणी घालते, अव्वाला आणि आत्याला. मी परवाच बघून आलो.

त्या दिवशी सगळ्यात शेवटी निघाले ते मल्लप्पाकाका. एका हातात काठी होती, दुसरा हात मोकळा. धुऱ्यापर्यंत गेले आणि उभे राहिले. मग हळूहळू मागे फिरले, ढिगापाशी आले. गुडघे धरलेले, त्यांना वाकता येईना. धुऱ्यावरून परतलेल्या सुनंदानं खालून एक दगड उचलला आणि त्यांच्या हातात दिला.